चार क्षेपणास्त्रं आणि एक खिडकी

खरं म्हणजे मी बायकोला फक्त खुर्ची जरा डावीकडे सरकवायला सांगितलं होतं.

आमच्या घरात चांगल्या उजेडाची खिडकी एकच. तिच्यासमोर माझं कॉम्प्युटरचं टेबल, आणि उरलेल्या वीतभर जागेत बायकोचं शिलाई मशीन. ती लोकांचे पडदे आणि गणवेश शिवते, मी लढाऊ विमान चालवतो. (कॉम्प्युटरवर. खऱ्या विमानात मी एकदाच बसलो, तेही डोळे घट्ट मिटून. आठवडाभर मी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक कारकून असतो.) त्या रविवारी सकाळी विमान वळवताना माझं कोपर तिच्या खुर्चीला लागलं, म्हणून म्हटलं, जरा सरक.

"सरकायचं कुणी, ते आज ठरवूनच टाकू," ती म्हणाली. "काळ्या कापडावर काळा दोरा मला दिसत नाही. वर्षभर सांगतेय. तुमचं टेबल बाथरूमपाशी बोळात न्या. विमानाला उजेड कशाला हवा?"

आता लढवय्याला कुणी बोळात नेऊन बसवतं का? मी बाणेदार उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात आठ दिवसांसाठी आलेल्या सासऱ्यांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"जावईबापू, त्या खेळात नेमकं करायचं काय असतं?"

मला एवढं पुरे होतं. मी त्यांना रडारवेधी क्षेपणास्त्र समजावून सांगितलं. शत्रूचं रडार आपल्याला शोधायला लहरी सोडतं. हे क्षेपणास्त्र त्या लहरींचा माग काढत थेट रडारच्या डोक्यावर जाऊन बसतं. जो बघायला जाईल तो मेलाच! माझ्या वहीत तीन नियम लिहिलेले होते, तेही वाचून दाखवले. एक, लांबूनच मारा. दोन, रडार बंद असेल तर समोर मुद्दाम घिरट्या घालून त्याला सुरू व्हायला भाग पाडा. तीन, सोडण्याआधी रडार कोणाचं आहे ते बघा. (तिसऱ्याखाली मी लाल रेघ मारली होती. दोनदा.)

"मग बाबांचं रडार उडवून दाखवा," बायको म्हणाली. "ते तीस वर्षं हवामान खात्याच्या रडार केंद्रात होते. उडवलंत तर खिडकी तुमची. नाहीतर माझी, कायमची."

"पंधरा मिनिटांत उडवतो," मी म्हणालो. (यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते नंतर सुचलं.)

बायकोचा लॅपटॉप खेळाला जोडून मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि सासऱ्यांना शत्रूच्या रडारवर बसवलं. मुदत अर्धा तास, माझ्याकडे चार क्षेपणास्त्रं. शिवाय युद्धाला शिस्त हवी म्हणून मी एक अट घातली, की एकदा सुरुवात झाल्यावर शत्रूला काहीही विचारायचं नाही.

"पण यात सुरुवातीला..." सासरे म्हणाले.

"बाबा, तुम्हाला मी काय शिकवणार!" असं नम्रपणे म्हणून मी खिडकीशी आलो आणि उड्डाण केलं.

दहा मिनिटं झाली. रडारचा पत्ता नाही. मी नियम दोन काढला. त्यांच्या तळासमोरून एक घिरटी घातली, मग दुसरी, मग विमान उलटं करून तिसरी. रडार गप्प. माणूस पोचलेला होता! मी चिडून दोन क्षेपणास्त्रं अंदाजानेच सोडली. ती कुणाच्या तरी शेतात पडली.

"जावईबापू, जरा इकडे येता का?" स्वयंपाकघरातून हाक आली.

"अहो, बाबा बोलावताहेत," बायको म्हणाली.

"तोच तर डाव आहे! मी उठलो की ते माझं विमान पाडणार."

"जावईबापू, मला इथे काहीच दिसत नाहीये!"

"मलाही तुमचं काही दिसत नाहीये!" मी ओरडलो. "अटीप्रमाणे बोलायचं नाही, बाबा!"

पाच मिनिटं उरली. बायकोने टेप काढून खिडकीची लांबी मोजायला घेतली. ती खिडकी, तो उजेड, माझी रविवारची सकाळ, सगळं एका म्हाताऱ्याच्या चिकाटीपायी जाणार होतं. आणि तेवढ्यात कानात टूँ टूँ टूँ वाजलं. रडार! अखेर म्हाताऱ्याचा धीर सुटला!

वही उघडीच होती, पण नियम तीनवर चहाचा कप होता. मी उरलेली दोन्ही क्षेपणास्त्रं एकदम सोडली आणि खुर्चीत मागे रेलून बायकोकडे बघितलं.

"टेप गुंडाळ," मी म्हणालो.

दोन्ही क्षेपणास्त्रं अचूक लागली. फक्त स्फोट माझ्या पाठीमागे झाला. आख्ख्या रणभूमीवर एकच रडार सुरू होतं, ते माझ्याच तळाचं. मुदत संपत आली म्हणून ते नुकतंच सुरू होऊन मला घरी परतायचा रस्ता दाखवत होतं.

त्यानंतर मला धावपट्टीही सापडली नाही.

दुपारी टेबल बोळात गेलं. एक बाजू मी धरली, एक सासऱ्यांनी. टेबल खाली ठेवल्यावर मी मोठ्या मनाने म्हणालो, "बाबा, तीस वर्षांचा अनुभव तो अनुभवच. अर्धा तास रडार बंद ठेवायला छाती लागते."

"बंद ठेवलं कुठे? ते सुरू कसं करायचं तेच कळेना. म्हणून तर हाका मारत होतो!"

"पण तुम्ही तीस वर्षं रडारवर..."

"रडार केंद्रात. आवक-जावक विभागात. रडार वर गच्चीत होतं. आमचे गुडघे हे असे, कोण चढतंय!"

म्हणजे मी कुणा योद्ध्याकडून हरलो नव्हतो, आवक-जावकवाल्याकडून हरलो होतो.

"आता तरी दाखवा, कुठलं बटण ते," सासरे म्हणाले.

"हे बघा, एफ नऊ," मी लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवत आत्मविश्वासाने म्हणालो. काळा कीबोर्ड, अक्षरं पुसट झालेली. मी खुर्ची ओढून बसलो आणि नाक टेकवून शोधायला लागलो. एक बटण दाबलं, आवाज वाढला. दुसरं दाबलं, स्क्रीनच विझला. बायको खांद्यावर अर्धा शिवलेला पडदा टाकून आली, तिने स्क्रीन उजळवला आणि बोटाने नेमकं बटण दाबलं. रडार सुरू झालं.

"एवढं समोरचं बटण तुम्हाला दिसलं कसं नाही?"

"अगं, इथे केवढा अंधार आहे!"

"हेच मी वर्षभर सांगत होते," ती म्हणाली आणि आपल्या खिडकीशी निघून गेली.

सासरे मात्र तिथेच उभे होते.

"जावईबापू," ते संकोचाने म्हणाले, "खुर्ची जरा डावीकडे सरकवता का? मला बाथरूमला जायचंय."