सायकलताई मार्गाची पाहणी

‘सायकलताई मार्गाची पूर्ण लांबी स्वतः सायकल चालवून तपासली,’ या नव्या सायकल-मार्गाच्या अहवालातल्या छापील ओळीखाली कनिष्ठ अभियंत्याने बिनदिक्कत सही ठोकली होती. तपासणी केली होती, खड्डा न् खड्डा बघितला होता, पण पायी. कारण स्वारीला सायकल येतच नव्हती. फाइलीत गेलेला कागद कोण कशाला वाचतोय, अशी त्याची भाबडी समजूत.

मोठ्या साहेबांनी तो वाचला, तोही उद्घाटनाच्या चार दिवस आधी.

"वा! रविवारी उद्घाटनाला सायकलताई स्वतः मार्गाचे पूर्ण चार किलोमीटर चालवणार आहेत. सोबतीला तुम्ही. रस्ता तुमच्या माहितीतलाच आहे."

"साहेब, माझी कंबर..."

"सही करताना नव्हती का कंबर?"

खोटी सही म्हणजे सरळ निलंबन.

चार दिवस लेकीने त्याला इमारतीच्या पार्किंगमध्ये शिकवलं. "बाबा, चाकाकडे नका बघू, समोर बघा!" तो समोर बघायचा आणि समोर जे असेल त्यावर जाऊन आदळायचा.

"नोकरी राहील हो," बायको गुडघ्याला मलम लावत म्हणाली, "पण हाडं राहायची नाहीत."

रविवारी सायकलताई आल्या. शहरात सायकलवरून कामाला जाणारी पहिली बाई, हसणाऱ्यांना शर्यतीत हरवणारी; मार्गाला नाव त्यांचंच. आता वय अठ्ठ्याहत्तर. सुरुवातीच्या रेषेवर अभियंता हँडल घट्ट धरून उभा होता. तेवढ्यात ताई त्याच्या कानाशी वाकल्या.

"बाळा, एक काम कर. पहिल्या वळणावर पड."

"काय?"

"गुडघे गेलेत रे माझे. पण नाही म्हणायची लाज वाटली. तू पडलास की मी उचलायला उतरते. मग दोघं चालत जाऊ."

त्याचा जीव भांड्यात पडला. पडणं हा एकच प्रकार त्याला पक्का येत होता.

शिट्टी झाली. पडायचंच आहे म्हटल्यावर भीती गेली, अंग सैल झालं आणि सायकल सुतासारखी सरळ निघाली. वळण आलं आणि गेलं.

"अरे, पड ना!"

"प्रयत्न करतोय ताई! जमतच नाहीये!"

"मग थांब तरी!"

"ते अजून शिकलो नाही!"

तो पुढे निघाला. कोणीतरी आपल्याला मागे टाकतंय, हे मात्र ताईंना सोसेना. दातओठ खात त्यांनी पेडल मारायला सुरुवात केली आणि शेवटच्या उतारावर त्याच्या बाजूने सुसाट पुढे गेल्या. तो अंतिम रेषेपलीकडच्या झुडपात शिरून थांबला.

लोक धावत यायच्या आत ताई त्याच्यापाशी पोचल्या.

"खरं सांग, सायकल शिकलास कधी?"

"या आठवड्यात."

"आणि साहेब मघाशी भाषणात मिरवत होते ती सही?"

"पायी तपासलं होतं, ताई," तो पुटपुटला. साहेब आता दहा पावलांवर होते.

"नवा कागद कर," ताई धापा टाकत म्हणाल्या. "तारीख आजची. साक्षीदार मी. आणि पहिलं कोण आलं, तेही त्यात लिही."