चार टायर आणि सर्वसंमती

ऑस्लो शहरात ऑक्टोबर सरत आला की माणसाला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: मफलर कुठला आणि टायर कुठले. मफलरचा निर्णय एकट्याने घेतलेला चालतो.

हालवार म्युक्लेबुस्त हा जबाबदार गृहस्थ होता. विमा कंपनीत धोक्यांचे अंदाज बांधायची नोकरी, त्यामुळे घरात अंडं उकडतानासुद्धा तो आधी पर्यायांचा विचार करी. त्याच्याकडे विजेवर चालणारी, रणगाड्याएवढी उंच एसयूव्ही होती. ती त्याने खास बर्फासाठी घेतली होती. बर्फ पडला की तो ती गॅरेजमध्ये ठेवून ट्रामने कामावर जाई, कारण एवढी महागाची गाडी बर्फात कोण बाहेर काढतो?

यंदा मात्र ती काढणं भागच होतं. हालवारची आई गुनवोर वाल्द्रेसच्या डोंगरात एकटी राहायची, आणि नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी तिला ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. गेल्या वाढदिवसाला हालवार गेला नव्हता, त्याच्या आदल्यालाही नव्हता. दोन्ही वेळी रस्त्यांची परिस्थिती प्रतिकूल होती, निदान बातम्यांत तरी तसं म्हटलं होतं. या खेपेस म्हातारीने फोनवर निक्षून सांगितलं, "बदामाच्या कड्यांचा केक करतेय मी. तो काही एकटीने बसून खायचा पदार्थ नाही. येणार आहेस ना?"

"येणार म्हणजे काय आई, येणारच! फक्त टायर ठरू देत."

टायरच्या दुकानात विक्रेत्याने त्याला तीन प्रकार दाखवले आणि तिन्हींपासून सावध केलं. खिळ्यांचे टायर डोंगरातल्या गोठलेल्या रस्त्याला घट्ट धरून राहतात, पण शहरात डांबर खरवडतात, धूळ उडवतात, आणि म्हणून नगरपालिका ते वापरण्याचं शुल्क घेते. बिनखिळ्यांचे टायर शहरात अगदी गुणी वागतात, पण डोंगरातल्या निसरड्या बर्फावर त्यांचा काही नेम नाही. तिसरे बारमाही. ते दाखवताना विक्रेत्याने आवाज खाली आणला.

"वाईट असतात का?" हालवारने विचारलं.

"मी वाईट म्हणणार नाही. मी काहीच म्हणणार नाही."

"बरं, तुम्ही स्वतः कुठले वापरता?"

"मी? मी ट्रामने येतो," विक्रेता म्हणाला.

हालवारने धीर करून खिळ्यांचे घ्यायचं ठरवलं, आणि तिथेच घोडं अडलं. गाडी उभी राहायची सहकारी गृहसंस्थेच्या सामाईक गॅरेजमध्ये. त्या गॅरेजच्या जमिनीला नुकताच उन्हाळ्यात सगळ्या सभासदांनी श्रमदान करून राखाडी रंग दिला होता आणि नंतर सॉसेज भाजून खाल्ले होते. अशा जमिनीवर खिळे! बातमी जिन्यातून वर पोचायच्या आत संस्थेचा अध्यक्ष स्वैनुंग दारात हजर झाला. आमच्या ऑस्लोत कोणी कोणाला नाही म्हणत नाही. फार झालं तर सभा बोलावतात.

"हालवार, टायर तुझे आणि निर्णयही तुझाच," स्वैनुंग प्रेमाने म्हणाला. "आमचं म्हणणं इतकंच, की तो आपण सगळ्यांनी मिळून घ्यावा."

सभेला वॉफल होते, वर तपकिरी चीज होतं, आणि प्रत्येकाला बोलायची पाळी होती. कोणाला तळमजल्यावरच्या पाळणाघरातल्या मुलांच्या फुप्फुसांची काळजी, कोणाला खिळ्यांच्या कडकडाटाने आपल्या कुत्र्याची झोपमोड होईल ही धास्ती. मग हालवारची बायको तुरिड उठली.

"मी इथे बायको म्हणून नाही, शेजारीण म्हणून बोलतेय," ती म्हणाली. "शेजारीण म्हणून मला हा माणूस जरा हटवादी वाटतो."

तिचं मोकळेपणाबद्दल कौतुक झालं आणि टायर-सहमती उपसमिती स्थापन झाली. अध्यक्ष स्वैनुंग, हवेच्या बाजूने तुरिड, जमिनीच्या बाजूने रंगाचा डबा ज्याने निवडला तो सभासद. हालवारला 'बाधित व्यक्ती' म्हणून बसायची परवानगी मिळाली. मताचा अधिकार नव्हता, पण वॉफल मिळत होतं.

उपसमितीने तोडगा काढला तो सगळ्यांनाच थोडा थोडा न पटणारा होता, म्हणजे उत्तम होता. शहरात बिनखिळ्यांचे टायर लावायचे, हद्द ओलांडली की थांबून खिळ्यांचे चढवायचे. टाळ्या वाजल्या. मग कोणीतरी विचारलं, खिळ्यांचे टायर हद्दीपर्यंत न्यायचे कशातून? गाडीत ठेवले तर तुरिडला बसायला जागा उरत नव्हती. शेजारीण म्हणून तिला ते चाललं असतं, पण बायको म्हणून चाललं नाही. तेव्हा मागे ट्रेलर जोडायचं ठरलं. पण ट्रेलरलाही चाकं असतात. तोही शहरातून जाणार, तोही डोंगर चढणार. त्याचे बदलायचे टायर ठेवायला दुसरा ट्रेलर लागणार हे ओघानेच आलं.

"आणि दुसऱ्याचे?" मागून आवाज आला.

"त्यासाठी आपण वेगळा गट नेमू," स्वैनुंग गंभीरपणे म्हणाला.

असं चर्चेचं गुऱ्हाळ चालू असताना हालवारचे उन्हाळी टायर मात्र टायर-हॉटेलात सुखरूप पोचले होते. तिथे टायरांना धुतात, पुसतात आणि कोरड्या खोलीत निगुतीने ठेवतात. तिकडे डोंगरात गुनवोरच्या शेगडीची लाकडं आत आणून द्यायला कोणी नव्हतं.

तिचा फोन आला. "कुठवर आलं रे तुझ्या टायरांचं?"

"मोठी प्रगती आहे, आई. तत्त्वतः सगळे तयार आहेत."

"अरे, ऐंशीची मी होतेय. टायर नाही होत."

"तू समजून घे ना. सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

"कोणाच्या?"

हालवारला हा मुद्दा महत्त्वाचा वाटला. त्याने तो टिपून घेतला आणि उपसमितीपुढे ठेवला.

शेवटची, निर्णायक सभा नेमकी आईच्या वाढदिवसाच्याच रविवारी आली, कारण वॉफलचं यंत्र दुसऱ्या कुठल्याच दिवशी मोकळं नव्हतं. हालवारला मनापासून वाईट वाटलं. तसं त्याने आपल्या पाळीला बोलूनही दाखवलं, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. बाहेर सकाळपासून बर्फ पडत होता. दुसऱ्या ट्रेलरचा विषय रंगात आला होता, इतक्यात दार उघडलं आणि टोपीवर बर्फ, हातात मोठा डबा अशी गुनवोर आत आली.

"आई! एवढ्या बर्फातून? आलीस कशी तू?"

"बसने. आपल्या घराखालच्या रस्त्यावर थांबते ना ती. तू शाळेत होतास तेव्हापासून थांबते. इथेही अगदी तुमच्या दाराखालीच उतरवलं."

म्हातारी सभासद नसल्यामुळे तिला बसू द्यावं का, यावर सगळ्यांची मतं घेतली गेली. हरकत निघाली नाही. तिने डबा उघडून केक टेबलावर ठेवला. खाली मोठं कडं, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान, असा छान मनोरा होता.

"अशी एकावर एक रचू नयेत," रंगाच्या डब्याचा सभासद हळूच म्हणाला. "खालच्यावर भार येतो."

तेवढ्यात तुरिडच्या काहीतरी लक्षात आलं. ती पुढे झुकली. "आई, एक सांगा. बसला टायर कुठले होते?"

"मला काय ठाऊक बाई! मी खिडकीतून डोंगर बघत होते. मग डुलकी लागली."

सभेत एकच खळबळ उडाली. टायर न बघता बसायचं, आणि वर डुलकी! हालवारला चारचौघांत आईची लाज वाटली. पण स्वैनुंग ताडकन उभा राहिला.

"थांबा! ही बस डोंगरातून निघाली आणि शहरात आली. मधे टायर बदलले नाहीत. म्हणजे आपलं उत्तर खाली रस्त्यावर आहे!"

क्षणात कोट चढले, बूट चढले, आणि सगळी सभा जिन्यावरून धडधडत खाली गेली. बस केव्हाच निघून गेली होती, पण ताज्या बर्फात तिच्या चाकांच्या खुणा स्पष्ट उमटल्या होत्या. सगळे गुडघ्यांवर बसले.

"ठिपके दिसतायत! खिळेच!"

"ते ठिपके तुझ्या काठीचे आहेत. सरक बाजूला!"

"हालवार, तू बघ. तू बाधित आहेस."

हालवारने बर्फाला नाक लावलं. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसत होता.

वर खोलीत गुनवोरने एकटीनेच मेणबत्ती लावली आणि जरा वेळ दाराकडे बघत बसली. मग तिने सगळ्यात वरचं छोटं कडं काढून खाल्लं. केक चांगला झाला होता.

आणि वाचकहो, तुम्ही? तुम्हीही सगळ्यांबरोबर खाली धावलातच की! अजून तिथेच मान वाकवून उभे आहात, खुणा खिळ्यांच्या होत्या की बिनखिळ्यांच्या, ते कळायची वाट बघत. त्या म्हातारीला वाढदिवसाच्या शुभेच्छा अजून कोणीच दिलेल्या नाहीत. निदान तुमच्या तरी ते लक्षात यायला हवं होतं.