कॉपीमुक्त ताप

प्रतिकारशक्ती ही ज्याची त्याने कमवायची असते आणि तिला बाहेरून मदत करणे म्हणजे तिचा अपमान करणे होय. सासऱ्यांचा जन्म परीक्षेच्या वर्गात पहारा देण्यात गेला होता. त्यामुळे विषाणूवरची गोळी म्हणजे सरळसरळ कॉपी, हे त्यांना कोणी शिकवायची गरज पडली नाही. या घरात तापाचा निकाल कायम शंभर टक्के लागत आला होता. (गेल्या वर्षी दवाखान्यात भरती करावी लागलेली मावशी सासूबाईंच्या माहेरची, म्हणून ती मोजलेली नाही.)

अशा घरात सासूबाईंना फ्लू झाला. त्यांना आधीच दमा. गोळ्या आजच सुरू करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि सुनेचं तर स्वतःचंच औषधांचं दुकान. ती गोळ्यांचं पाकीट घेऊनच घरी आली.

"बाबा, आतल्या पेशींना हा विषाणू ओळखून तयारी करायला दिवस लागतात. तोवर गोळी त्याची वाढ रोखून धरते," ती म्हणाली.

"अभ्यास वर्षभर करायचा असतो," सासरे म्हणाले आणि पलंगाशी खुर्ची टाकून बसले.

पहारा चोख होता. उशीखाली पाहण्यात आलं, चष्म्याचं घर उघडण्यात आलं, पाण्याचा पेला उजेडात धरण्यात आला. (थर्मामीटर आत नेऊ दिला, ते साधन मान्यताप्राप्त आहे.) शेवटी सुनेने गोळी रुमालाच्या घडीत घालून नेली. आयुष्यभर सरळमार्गी असलेल्या सासूबाईंनी खोकल्याची उबळ आणली, रुमाल तोंडाशी धरला आणि गोळी अशी सराईतपणे गिळली, की जन्मभर हेच केलं असावं. सासरे तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. पुढच्या प्रत्येक गोळीच्या वेळीही त्यांना खिडकीबाहेर काहीतरी दिसायचंच.

धाप लागायच्या आत ताप उतरला आणि सुनेचा जीव भांड्यात पडला. सासऱ्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून निकाल जाहीर केला: स्वबळावर, प्रथम श्रेणी.

त्याच संध्याकाळी त्यांचं स्वतःचं अंग मोडून आलं. ते चपला घालून थेट दुकानात गेले, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले आणि हळूच म्हणाले, "त्या रुमालातल्या उरल्यात का गं?"

"त्या आईंच्या आहेत, बाबा. आधी डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊ की. लगेच जाऊ. उशीर केला तर उपयोग नसतो म्हणतात."

तत्त्वाचं असंच असतं, दुसऱ्याच्या तापात ते फार छान टिकतं. पटत नसेल तर मागे घरातल्या कुणाला कणकण आली तेव्हा आपण काय सल्ला दिला होता, आणि आपल्याला आली तेव्हा काय केलं, एवढं आठवून बघा.