मास्तरांचा चोरखिसा

जेवण संपून बिल आलं तेव्हा मास्तरांनी जावयाच्या आधी त्यावर हात मारला. बायकोसोबत लेकीकडे परदेशात आल्या दिवसापासून पाण्याच्या बाटलीचेसुद्धा पैसे जावई देत होता. जन्मभर लोकांचे कपडे शिवून पोट भरलेल्या माणसाला हे आयतं गिळणं घशाखाली उतरत नव्हतं. उद्या परतायचं होतं. एक बिल तरी आपण द्यायचंच, नाहीतर चोरासारखं तोंड लपवून विमानात बसायचं.

त्यांनी ऐटीत कार्ड काढलं. वेटरने यंत्र पुढे केलं. पैसे इथल्या चलनात कापू की तुमच्या, असं यंत्र विचारत होतं.

"इथल्या, बाबा," लेक हळूच म्हणाली. "आपल्या चलनात घेतलं की बदलायचा भाव ते लावतात आणि जास्त कापतात."

मास्तरांनी बटण दाबलं. यंत्र जरा विचारात पडलं आणि लाल झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. परदेशी जातोय असं बँकेत सांगितलं होतं ना, असं जावयाने विचारलं.

"बँकेला कशाला सांगू? बातमी तिथूनच फुटते. घराला कुलूप लावून आलोय मी."

चोराला सुगावा लागू नये म्हणून त्यांनी बँकेला अंधारात ठेवलं, आणि बँकेने कार्ड अडवून त्यांनाच चोर ठरवलं. तसा स्वतःचाच पैसा मागणारा साधा माणूस बँकेला नेहमी संशयितच वाटतो. सुटाबुटातला कर्जबुडवा तेवढा साहेबाच्या केबिनमध्ये चहा पिऊन जातो.

जावयाचा हात खिशाकडे गेला.

"खबरदार," मास्तर म्हणाले. "रोख आहे माझ्याकडे."

रोख होती. निघण्याआधी बदलून घेतलेल्या नोटा पँटच्या कमरेत, आतून चोरखिसा करून, दुहेरी टीप मारून शिवल्या होत्या. कुणाच्या बापाला उसवली नसती अशी टीप. आता खुद्द मास्तरांनाही उसवेना. स्वच्छतागृहात जाऊन त्यांनी नखं लावली, पँट उतरवून दात लावले. कात्री विमानतळावरच काढून घेतलेली. शेवटी दारातून डोकं काढून त्यांनी वेटरकडे खुणेने सुरी मागितली.

बिल न भरलेला म्हातारा संडासातून सुरी मागतोय म्हटल्यावर वेटरने मालकाला बोलावलं, मालकाने आचाऱ्याला. लेक धावली, तिने सगळं समजावलं. मालक डोळे पुसत हसला आणि त्याने स्वतः सुरी दाराखालून आत सरकवली.

इकडे टेबलावर जावयाने गुपचूप कार्ड काढलं.

"ठेवा ते आत," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याही पर्समध्ये पैसे आहेत, मी काढले का? तुम्ही बिल भराल हो, पण पुढं वर्षभर यांचं फुगलेलं तोंड मला बघायचंय."

मास्तर आले ते एका हातात नोटा आणि दुसऱ्या हाताने घसरती पँट धरून. टिपेबरोबर कमरेची पट्टी आणि हूकही गेलं होतं. बिल भरलं, वर वेटरलाही दिले. मग निघायचं कसं, हा प्रश्न आला. जावयाने मुकाट्याने स्वतःचा पट्टा काढून पुढे केला. मास्तर घुटमळले, मग त्यांनी घेतला. पट्टा म्हणजे काही पैसा नव्हे.

घरी जाताना ते ताठ मानेने पुढे चालले होते. मागून जावई येत होता, दोन्ही हातांनी आपली पँट सावरत. मास्तरांनी एकदा वळून पाहिलं.

"जावईबापू, कंबर ढिली शिवलीय हो तुमची," ते मायेने म्हणाले. "घरी गेल्यावर द्या, टीप मारून देतो. पैसे नकोत."