बासच्या जिभेखालचा केस

अंत्ययात्रा निघायला वीस मिनिटं उरली असताना लॅक्लन मास्तरांच्या बॅगपाइपचा बास गप्प झाला.

चर्चमागच्या खोलीत रूरी मॅकफी पाइपची हवेची पिशवी काखेत धरून उभा होता. खांद्यावरच्या तीन नळ्यांपैकी दोन लहान नळ्या नीट गुणगुणत होत्या. तिसरी, म्हणजे बास, सगळ्यांत लांब, खर्ज धरणारी, एकदा घरघरली आणि बंद पडली. रूरीने पुन्हा फुंकलं. पुन्हा घरघर, पुन्हा शांतता.

रूरी स्कॉटलंडमधल्या यूइस्ट बेटाच्या दुसऱ्या टोकाला, बोटीच्या धक्क्यावर तिकिटं फाडायचा. मास्तरांकडे तो चाळीस वर्षं शिकला, शाळेच्या हॉलमध्ये, दर गुरुवारी. त्या चाळीस वर्षांत मास्तर त्याला 'बरं आहे' असं एकदाच म्हणाले होते, तेही हवेबद्दल. आणि मरताना मात्र लिहून ठेवलं, की माझ्या अंत्ययात्रेपुढे रूरीनेच वाजवायचं, माझ्याच पाइपवर, माझ्याच वेताच्या रीड्सवर.

मास्तर आता शवपेटीत होते, त्यांची भीती निम्मी झाली होती. उरलेली सगळी भीती त्यांच्या बायकोची, एफीकाकूंची होती. त्यांचे वडील पाइप वाजवायचे, आजोबाही. एका लग्नात सूर घसरला तशा भर सुरावटीत त्या उठल्या होत्या, वाजवणाऱ्याच्या काखेतून पाइप काढून घेतला होता आणि त्याला जेवायला बसवलं होतं. तो माणूस पुढे बेट सोडून गेला.

"काय झालं?" अंत्यविधीची सगळी व्यवस्था पाहणारा आर्ची दारातून डोकावला.

"बास बसला."

"मग उठव ना त्याला. माणसं यायला लागली."

रूरीने नळीतून रीड उपसून काढलं. बोटभर लांबीची वेताची नळी, तिला चिरून काढलेली एक जीभ, आणि जिभेच्या मुळाशी दोऱ्याचा वेढा. ही जीभ थरथरली की सूर निघतो. चिकटून बसली की संपलं. रूरीने दोरा केसभर मागे सारला, रीड बसवलं, फुंकलं. बास वाजला, पण इतकी हवा खायला लागला की रूरीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. अर्धा मैल चालायचं होतं, समुद्राच्या वाऱ्यात. तो दफनभूमीत पोचला असता, पण चौघांच्या खांद्यावरून. त्याने दोरा पुन्हा पुढे घेतला. बास बसला.

"जिभेखाली केस घालावा लागेल," तो म्हणाला. "मुळाशी एक केस सरकवला की जीभ उघडी राहते."

"मग घाल की."

रूरीने नुसतं डोक्यावरून हात फिरवला. तिथे पंधरा वर्षांपूर्वीच सगळं आवरलं होतं. आर्चीने टोपी काढून दाखवली. त्याच्याकडेही तीच परिस्थिती होती. फादरचे केस इतके बारीक कापलेले, की चिमटीत येईनात.

"थांब," रूरी म्हणाला. "इथे आधीचा केस असणार. तोच सरकला असेल." त्याने दोरा सोडला. जिभेखालून खरंच एक केस निघाला. पुन्हा घालायला गेला तर कुजक्या काडीसारखा तुटला. दोनदा तुटला. शेवटी दोन बोटं लांबीचा तुकडा त्याच्या तळहातावर उरला. लालभडक.

दोघंही त्या तुकड्याकडे बघत राहिले. एफीकाकूंचे केस तरुणपणी काळेभोर होते, आता पांढरे. बेटावर असे लाल केस एकाच बाईचे. हॉटेलवाली कर्स्टी. ती आत्ता दुसऱ्या बाकावर बसून जरुरीपेक्षा जास्त रडत होती.

"आर्ची, तू काही पाहिलं नाहीस."

"मी तर आलोच नाही इथे," आर्ची म्हणाला, आणि वळला. दारात एफीकाकू उभ्या होत्या.

"बास का वाजत नाही?"

"केस हवाय, काकू," रूरीचा आवाज बासपेक्षाही खाली गेला.

"आणि मुठीत काय आहे?"

रूरीची मूठ त्याला न विचारताच उघडली. एफीकाकूंनी तो तुकडा उचलला, खिडकीपाशी नेला, उजेडात धरला. बराच वेळ धरला. आर्ची छताकडे बघत होता.

"हा आमच्या गाईचा," त्या म्हणाल्या. "हे मला सारखा केस मागायचे. मी म्हटलं, जा, गोठ्यात जाऊन मागा."

"गाईचाच वाटतो," रूरी घाईघाईने म्हणाला. "जाड आहे."

एफीकाकूंनी तो तुकडा खिडकीबाहेर वाऱ्यावर सोडला. मग अंबाड्याची पिन काढली, एक लांब पांढरा केस ओढून काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. "हा घाल. घट्ट बांध. आज तरी यांच्या नळीत माझा केस असू दे."

रूरीने केस जिभेखाली सरकवला, दोरा आवळला, जास्तीचा केस दाताने तोडला आणि फुंकलं. बास असा उघडला की खिडकीची काच झणझणली.

दफनभूमीपर्यंतचा अर्धा मैल तो देवाचं नव्हे, त्या एका केसाचं नाव घेत चालला. वाऱ्याने त्याच्या खांद्यावरची शाल उडाली, वाळू डोळ्यांत गेली. बास ढळला नाही. पेटी खाली गेली तेव्हाच त्याने सूर थांबवला.

नंतर सगळे मास्तरांच्या घरी चहाला जमले. रूरी त्या घरी पहिल्यांदाच येत होता. मोकळी हवा खायला तो आर्चीबरोबर मागच्या कुंपणापाशी गेला. पलीकडे एकच गाय रवंथ करत उभी होती. झिपरी, आणि शिंगांपासून शेपटीपर्यंत काळीकुट्ट.

"दुसरी गाय कुठे आहे?" रूरीने हळूच विचारलं.

"दुसरी कुठली? वीस वर्षं हीच आहे," आर्ची म्हणाला. "हिच्याआधी यांच्याकडे मेंढ्या होत्या."

मागे पावलं वाजली. एफीकाकू हातात कप घेऊन आल्या होत्या.

"काय बघताय रे दोघं?"

आर्चीला एकदम खोकला आला.

"गाय बघतोय, काकू," रूरी म्हणाला. "छान तांबडी आहे."

एफीकाकूंनी गाईकडे पाहिलं. मग रूरीकडे नीट पाहिलं.

"दर गुरुवारी ये," त्या म्हणाल्या. "अजून तुला पुष्कळ शिकायचंय, पण कान चांगला आहे तुझा." आणि चहाचा कप त्याच्या हातात देऊन त्या कर्स्टीला केक वाढायला आत गेल्या.