ठिगळ ग्रहावरचे अण्णा

खानदेशातून आम्ही लिंबायतच्या चाळीत राहायला आलो त्या दिवशी शेजारच्या हिरामण अण्णांनी माझ्या कानाकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, “कान झकास आहे. ठिगळवर चालेल.”

ठिगळ हा अण्णांचा ग्रह. दिवसभर प्रिंटिंग मिलमध्ये साड्यांच्या कोयऱ्या काढायच्या आणि घरी येऊन उरल्यासुरल्या रंगांत ठिगळची माणसं रंगवायची, हा त्यांचा संसार. ग्रहाला दोन सूर्य. “म्हणून कामाच्या पाळ्याही दोन,” अण्णा सांगत. मूळचा तिथला कोणीच नाही. सगळे पोटासाठी कुठून कुठून आलेले. कोणाला तीन हात, कोणाच्या डोक्यावर पानं. एक जण तर जमिनीपासून वीतभर वर तरंगायचा.

“हा असा का?” मी विचारलं.

“भाडेकरू आहे. जमीन त्याची नाही ना!”

आमच्या हिला आधी हे खूळ वाटे. “तुमच्या ठिगळवर नळाला पाणी येतं का हो?” तिने एकदा खवचटपणे विचारलं.

“येतं की. तिथं नळ रांगेत उभे राहतात, बायका घरात बसतात.”

तेव्हापासून आमच्याकडची भाजी अण्णांकडे जाऊ लागली.

एकदा ठिगळचा एकडोळ्या इसम चुकून साडीच्या पदरावर छापला गेला. “आ शुं छे?” हे काय, म्हणून शेठ गुजरातीत ओरडले. पण साडी हातोहात खपली, तेव्हा तेच शेठ आणखी मागायला आले. अण्णांनी साफ नकार दिला. “वस्तीतली माणसं आहेत, शेठ. अशी विकायची नसतात.”

चौऱ्याण्णव साली शहरात प्लेगची साथ आली आणि बघता बघता चाळ रिकामी झाली. जो तो खानदेशची गाडी धरत होता. “अण्णा, आमच्याबरोबर चला,” ही म्हणाली.

“तुम्ही व्हा पुढं. माझं काम पडलंय.”

साथ ओसरल्यावर आम्ही परतलो. अण्णा ओट्यावर बसले होते, खंगलेले, दाढी वाढलेली.

“उनात का?” ‘आलात का’ एवढंच आपल्या खानदेशी बोलीत म्हणाले.

त्यांच्या मागची चाळीची लांबलचक भिंत रंगांनी भरली होती. ठिगळची वस्ती, आणि तिच्यात अख्खी चाळ! पानं, शिंगं, जादा हात होते; पण चेहरे आमचेच. घोरणारे पाटील, पाण्यावरून भांडणारी शांताबाई, ही, मी.

“हे काय, अण्णा? आम्ही परत येणारच होतो की!”

“आमची मंडळीसुद्धा येते म्हणूनच माहेरी गेली होती,” अण्णा म्हणाले. “तिथं तापानं गेली. फोटो नव्हता. पुढं कधीतरी काढायला बसलो, तर चेहराच आठवेना. जे निघायचं ते भलतंच कोणीतरी. म्हणून म्हटलं, या खेपेला आधीच काढून ठेवावं.”

हिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि घराचं कुलूपही न काढता अण्णांच्या ओट्यावर बसली.

“सांगा अण्णा, कशा दिसायच्या त्या? उंच होत्या?”

“नाही... म्हणजे माझ्या खांद्याला लागायची.”

“आणि हसताना?”

अण्णा भिंतीकडे वळले. मग म्हणाले, “हसताना तोंडावर पदर घ्यायची,” आणि त्यांनी ब्रश उचलला.