आटवलेली मूठ

"त्यात काय एवढं! मूठच बसवायची ना? रविवारच्या आत करून देतो, जुनीपेक्षा झकास!"

मास्तर हे बोलून गेले आणि त्यांच्या बायकोने हातातली बशी अलगद खाली ठेवली. नवरा 'त्यात काय एवढं' म्हणाला की आपल्या हातात फुटणारं काही नसावं, एवढा धडा ती संसारात शिकली होती.

मास्तर म्हणजे शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड आणि त्या बिऱ्हाडात लेकीकडे राहायला आलेले सासरे. सासऱ्यांना तरुणपणी एका खलाशाने जपानी वस्तरा भेट दिला होता. पात्यावर जपानी अक्षरं कोरलेली. त्यांचा अर्थ कुणालाच लागत नसे; धार मात्र हात लावील त्याला लागत असे! तेव्हापासून दुसरं पातं म्हणून गालाला लावायचं नाही, असा सासऱ्यांचा नेम. तो त्यांनी तापातही मोडला नव्हता.

बुधवारी मास्तरांनी खिडकी धाडकन लावली आणि खिडकीत ठेवलेला वस्तरा फरशीवर पडला. पातं शाबूत राहिलं, पण शिंगाच्या मुठीचे तुकडे झाले.

"रविवारी नातीचं लग्न," सासरे शांतपणे म्हणाले होते. "हे खुंट घेऊन मी चारचौघांत येणार नाही. आणि दुसरं पातंही लावणार नाही. तुम्ही सगळे जाऊन या."

नात म्हणजे मास्तरांची एकुलती एक लेक. तिने फक्त बापाकडे पाहिलं. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या! म्हणून मास्तर तडकाफडकी ते वाक्य बोलून बसले.

तशी मूठ म्हणजे मोठं प्रकरण नव्हे. दोन पातळ लाकडी पट्ट्या, टोकाला आरपार पितळी खिळा, आणि मिटलं की पातं त्या पट्ट्यांच्या कुशीत जाऊन झोपतं. शेजारच्या सुताराने शिसवीच्या दोन पट्ट्या काढून दिल्या.

"घासा, भोक पाडा, खिळा ठोका," सुतार म्हणाला. "जास्त डोकं चालवू नका मास्तर, नाहीतर मुठीला खिसा लावाल!"

डोकं चालवू नका म्हटलं की मास्तरांचं डोकं हटकून धावत सुटे. नवं कापड न आटवता शिवलं, तर पहिल्याच धुण्यात अंगाला आवळतं. मग हे तर नवं लाकूड! रोज पाण्यात जाणार! ते आटवून घ्यायला नको? त्यांनी दोन्ही पट्ट्या बादलीत बुडवल्या आणि वर दगड ठेवला.

सकाळी पट्ट्या होडीसारख्या वाकल्या होत्या.

"आटल्या का?" बायकोने विचारलं.

"जरा चुण्या पडल्यात. इस्त्री मारली की झालं."

आणि मास्तरांनी खरोखर इस्त्री मारली! वाफ निघाली, धूर निघाला, घरात जळका वास पसरला. हट्टी पोराला मांडीखाली दाबून धरावं, तशा त्यांनी त्या पट्ट्या दिवसभर इस्त्रीखाली दाबल्या. संध्याकाळी त्या सरळ झाल्या, निदान तसं दाखवायला लागल्या.

शुक्रवारी नवरदेव कोटाचं माप द्यायला आले. मास्तरांच्या गळ्यात टेप होती आणि पट्ट्यांमध्ये बसवून पाहण्यासाठी हातात उघडं पातं. कोपऱ्यात सासरे दाढीचे खुंट घेऊन बसलेले.

"या, या! तुमचीच वाट पाहत होतो," मास्तर प्रेमाने म्हणाले. "गळ्यापासून सुरुवात करू. मान वर करा जरा."

"आधी धार पाहिलीत का?" कोपऱ्यातून सासऱ्यांनी विचारलं.

नवरदेव पायऱ्या उतरले असं म्हणवत नाही. पायऱ्याच मागे राहिल्या!

तासाभरात नवरदेवाच्या आईचा फोन आला. "कोट अंदाजानेच शिवा हो. आणि खरं सांगा, हे लग्न तुमच्याकडे सगळ्यांना पसंत आहे ना?"

"म्हणजे काय! आजोबा तर नुसते वस्तऱ्यासाठी अडून बसलेत!"

पलीकडून फोन घाईघाईने ठेवला गेला.

शनिवारी मूठ तयार झाली. तेल पाजून अशी चमकवली होती की तीत तोंड पाहून भांग पाडावा. खिळ्याची दोन्ही टोकं मास्तरांनी ठोकून ठोकून चपटी केली. "आता हा खिळा जन्मात निघायचा नाही!" सासऱ्यांनी वस्तरा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"बरी आहे," ते म्हणाले.

सासऱ्यांच्या तोंडून 'बरी' म्हणजे इतरांच्या टाळ्यांचा कडकडाट. मास्तर त्या दिवशी दोन इंच उंच झाले.

रविवारी सगळे नटून दारात उभे, गाडी बाहेर, सासरे न्हाणीघरात. डावा गाल झाला. त्यांनी शिस्तीत वस्तरा धुतला, मिटला आणि उजव्या गालाला फेस लावला. तेवढ्या वेळात इस्त्रीने दबून राहिलेल्या लाकडाला पाण्याने आपलं खरं रूप आठवलं. दोन्ही पट्ट्या आत वळल्या आणि बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या बहिणींसारख्या पात्याला मिठी मारून बसल्या.

सासऱ्यांनी ओढून पाहिलं. मास्तरांनी कात्रीचं टोक घालून पाहिलं, तर कात्रीचंच टोक मोडलं.

"अहो, खिळा काढा ना!" बायको ओरडली.

मास्तरांनी तिच्याकडे अत्यंत केविलवाणं पाहिलं.

"बाबा, माझा साधा वस्तरा आणू?" मास्तरांनी सासऱ्यांना विचारलं.

"नेम."

"आजच्या दिवस फक्त—"

"नेम म्हणजे नेम, जावईबापू. निघा तुम्ही."

मास्तर उपड्या बादलीवर मटकन बसले. तेवढ्यात लग्नाच्या कपड्यांत लेक दाराशी आली. तिने आजोबांचा एक गाल पाहिला, मग दुसरा पाहिला. ओठ घट्ट दाबले.

"आजोबा, फेस पुसा. उजव्या बाजूला मी उभी राहते. मला तुम्ही अर्धे आलात तरी चालेल, पण या."

म्हातारबुवांनी आरशात पाहिलं. मग त्यांनी फेस पुसला.

"जावईबापू, काठी द्या."

लग्न यथासांग पार पडलं. सासरे दिवसभर नाण्यावरच्या राजासारखे आडवं तोंड करून वावरले. नात बाजूला होती तोवर डावा गाल लोकांकडे राहिला. पुढे तिला सगळीकडून बोलावणी आली आणि गाल आपापल्या मर्जीने फिरू लागले.

निरोप घेताना नवरदेवाची आई मास्तरांच्या जवळ आली. "सगळं छान झालं हो! उगाच मनात नाही नाही ते आलं होतं. आजोबा किती नीटनेटके, किती प्रेमळ! एकच चुटपुट लागून राहिली."

"काय झालं?" मास्तर घाबरले.

"तुमचे ते दुसरे आजोबा, दाढी वाढलेले... ते न जेवताच गेले का हो?"

मास्तरांनी सासऱ्यांकडे एकदा चोरून पाहिलं.

"हो ना," ते म्हणाले. "फार भिडस्त आहेत ते."